मुलांचा प्रश्न आणि शाळेमागील धूर



प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ साली बंदी आली. तरी आठवड्याच्या बाजारात त्या मिळतात कशा, असे मुले विचारतात. त्यांना गप्प बसवू नये. पोटात पिशव्यांचा गोळा होऊन गाय दगावते, हे खेड्यातील मुलास पुस्तकातून शिकावे लागत नाही. आपण मात्र परिपाठात स्वच्छतेची प्रतिज्ञा म्हणवून घेतो आणि शाळेमागे कचरा पेटवितो! प्लास्टिकचा तो विषारी धूर वर्गात बसलेल्या मुलांच्याच छातीत जातो. हे जाळणे प्रथम थांबवावे. निबंधाची आपणांस हौस फार; तो तूर्त राहू द्यावा. खाऊची वेष्टने निराळी साठवून मुलांकडून दर शनिवारी मोजवावीत व तो आकडा सरपंचांस पत्राने कळवावा. पत्र मुलांनीच लिहावे. शुद्धलेखनापलीकडे आपण त्यात हात घालू नये.