अडलेला संगणक

चेन्नईच्या दक्षिणेस तांबरम नावाचे उपनगर आहे. बीच स्थानकापासून तेथवर विजेची आगगाडी १९३१ सालीच धावू लागली. १९३७ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेज शहर सोडून तेथे गेले, आणि १९८४ मध्ये निर्यातीच्या उद्योगांसाठी राखून ठेवलेले क्षेत्र तेथे स्थापन झाले. हवाई दलाचा तळही तेथे आहे. विद्यार्थी, कारखान्यांतील कामगार, नोकरदार आणि सैनिकांची कुटुंबे अशी संमिश्र वस्ती असलेल्या या गावी संगणक घराघरांत पोचला, यात नवल नाही.

२ डिसेंबर २०१५ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत तांबरम येथे सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस पडला. अड्यार नदी फुगली आणि मुडिचूर, वरदराजपुरम या वस्त्यांत पाणी शिरले. २६ जुलै २००५ ची मुंबई किंवा ऑगस्ट २०१९ मधील सांगली-कोल्हापूर ज्या श्रोत्यांनी अनुभवली असेल, त्यांना पुढचे सांगावयास नको. अशा पुरानंतर माणसे प्रथम अंथरुणे वाळवितात, मग कागदपत्रे वाळवितात, आणि अखेरीस कोपऱ्यातील चिखलाने माखलेल्या संगणकाकडे वळतात. त्या पेटीत दुकानाची उधारी असते, मुलीच्या प्रबंधाची प्रकरणे असतात, निवर्तलेल्या वडिलांची छायाचित्रे असतात. हा आता सुरू होईल काय, हा प्रश्न मनात येताच हात आपोआप बटणाकडे जातो. नेमका तोच क्षण घाताचा होय.

पाण्याने यंत्र जितके बिघडते, त्याहून अधिक ते, अंगात पाणी असताना सोडलेल्या विजेने बिघडते. पुराचे पाणी निर्मळ नसते. त्यात क्षार, गाळ आणि गटाराची घाण असते व त्यातून वीज सहज वाहते. जेथे जाऊ नये तेथे ती गेली, की तांब्याच्या बारीक रेषा झिजतात आणि नाजूक भाग जळतात. म्हणून भिजलेल्या संगणकाची दुरुस्ती तो सुरू न करण्यापासून आरंभ होते. वायर काढावी, लॅपटॉप असल्यास शक्य तर बॅटरीही काढावी, आणि जाणत्याच्या हाताने आतील भाग स्वच्छ होऊन पूर्ण वाळेपर्यंत धीर धरावा.

पुराची गोष्ट सोडली, तरी एरवी चांगला चालणारा संगणकही एखाद्या सकाळी सुरू होण्याचे नाकारतो. ताप हा जसा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण असतो, तसेच हे आहे. त्याचा अर्थ लावावयाचा, तर संगणक सुरू होतो म्हणजे काय होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

सकाळी कचेरी उघडते तेव्हा शिपाई कुलूप काढतो, दप्तरी कपाटे उघडतो, कारकून आपापल्या जागी बसतात, आणि मग कोठे खिडकीवर लोकांची कामे चालू होतात. संगणकाचाही असाच क्रम आहे. प्रथम वीजपुरवठ्याची पेटी आपला दाब स्थिर झाल्याची खूण देते. मग प्रोसेसर एका ठरलेल्या जागी जाऊन, चिपमध्ये साठविलेली एक छोटी आज्ञावली वाचू लागतो. ती स्मृती, कळफलक, पडदा यांची हजेरी घेते आणि डिस्क शोधते. डिस्कवरून दुसरी आज्ञावली उचलली जाते, आणि ती विंडोज किंवा लिनक्ससारख्या अवाढव्य कार्यप्रणालीला जागे करते. या क्रियेला ‘बूट’ हे जे नाव पडले आहे, ते आपल्याच जोड्याचा पट्टा धरून स्वतःला वर उचलण्याच्या कल्पनेवरून. लहान मोठ्याला उठवितो, आणि तो त्याहून मोठ्याला, असा हा प्रकार आहे.

साहजिकच, संगणक कोणत्या पायरीवर अडला हे कळले, की निम्मी दुरुस्ती झाली. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, तर वीजच पोचलेली नाही. प्लग, वायर आणि वीजपुरवठ्याची पेटी तपासावी. पंखा फिरतो, परंतु पडदा काळा राहतो आणि शिट्ट्या ऐकू येतात, तर संशय बहुधा स्मृतीच्या पट्टीवर घ्यावा. शिट्ट्यांचे अर्थ निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळे ठरविले आहेत, तेव्हा माहितीपुस्तिका पाहिलेली बरी. वीज तोडून ती पट्टी काढावी, तिच्या सोनेरी कडा साध्या खोडरबराने हलकेच पुसाव्यात आणि ती पुन्हा घट्ट बसवावी. बाजारातील कारागीर हाच उपाय आधी करून पाहतात, आणि पुष्कळदा तो लागू पडतो. घड्याळ भलत्याच वर्षाची तारीख दाखवीत असेल, तर आतील रुपयाएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपलेली असते. कंपनीचे नाव उमटते, पण डिस्क सापडत नाही, तर तिची जोडणी पाहावी. कार्यप्रणाली अर्ध्यावर येऊन पुनःपुन्हा कोसळते, तर दोष यंत्रात नसून बहुधा आज्ञावलीत असतो.

तथापि एक गोष्ट या सर्वांहून महत्त्वाची आहे. दुरुस्तीचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे डिस्कवरील सारे पुसून नवी कार्यप्रणाली भरणे. तासा-दोन तासांत संगणक हसतमुखाने सुरू होतो. मात्र प्रबंधाची प्रकरणे, दुकानाची उधारी आणि वडिलांची छायाचित्रे नाहीशी झालेली असतात. यंत्र बाजारात पुन्हा मिळते, या वस्तू मिळत नाहीत. म्हणून चांगला कारागीर डिस्क काढून दुसऱ्या चालू संगणकास जोडतो, तिच्यातील मजकूर आधी उतरवून घेतो आणि मगच दुरुस्तीस हात घालतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर तो तीही खटपट थांबवितो आणि काम तज्ज्ञाकडे सोपवितो. पुरात बुडालेली डिस्क घरी उघडू नये, उन्हात तापवू नये. गाळ तबकड्यांवर वाळून चिकटला, की तज्ज्ञाचेही काम अवघड होते.

डिस्क किती चिवट असते, याचे एक उदाहरण भारतीयांच्या जिव्हाळ्याचे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी ज्या ‘कोलंबिया’ यानाबरोबर गेले, त्याच्या अवशेषांत एका प्रयोगाची जळकी डिस्क सापडली. तज्ज्ञांनी तिच्यातील सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळविली, आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आकाशातून कोसळलेली डिस्क वाचते. घाईने पुसलेल्या डिस्कवर नवे लिहिले गेले, तर जुने परत येत नाही.

१९ जुलै २०२४ रोजी तर अडलेला संगणक हा साऱ्या जगाचा प्रश्न झाला. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक आज्ञावलीसाठी पाठविलेल्या एका सदोष फाईलीमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख संगणक सुरू होता होता कोसळू लागले. तांबरमहून त्याच लोहमार्गावर थोडे उत्तरेस असलेल्या चेन्नई विमानतळावरही त्याची झळ पोचली, आणि देशातील अनेक विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली बोर्डिंग पत्रे द्यावी लागली. उपाय साधा होता : संगणक सुरक्षित अवस्थेत सुरू करावयाचा आणि ती एक फाईल काढून टाकावयाची. परंतु न उठणाऱ्या संगणकाला दुरून आज्ञा देता येत नाही; म्हणून पुष्कळ ठिकाणी एकेका यंत्रापुढे माणसास बसावे लागले. ज्यांच्या डिस्क कुलूपबंद होत्या, त्यांना ४८ अंकी किल्लीही हवी होती. ती कोठे लिहून ठेवली आहे, याची आठवण तेव्हा कित्येकांना करावी लागली.

यातून घरगुती शहाणपण एवढेच निघते. ती किल्ली कागदावर लिहून सुरक्षित ठेवावी. महत्त्वाच्या मजकुराची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी किंवा आंतरजालावरील कोठारात असावी. पाणी चढण्याची भीती असेल, तर पेटी वरच्या मजल्यावर न्यावी. एवढे केलेले असले, म्हणजे संगणक अडला, तरी दुरुस्तीकाराला सावकाश काम करू देता येते.