घराचे साठेखत व घराचा हक्क
(आंजर्ले येथे केलेले भाषण)



आपल्या वाड्यांतून घरांचे व्यवहार बहुधा विश्वासावर होतात. विकणारा मुंबईस असतो. मे महिन्यात तो गावी येतो, पडवीत बसून किंमत ठरते, स्टॅम्पच्या कागदावर चार ओळी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या होतात आणि किल्ली हाती येते. घेणारा समजतो, घर आपले झाले. कायदा तसे समजत नाही.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 54 व्या कलमान्वये शंभर रुपये वा अधिक मोलाच्या घराची विक्री नोंदलेल्या खरेदीखतानेच होते. साठेखत हा पुढे विकण्याचा करार. त्याने मालकी येत नाही. सोबत मुखत्यारपत्र असले तरी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प खटल्यात सांगितले आहे. ग्रामपंचायतीची घरपट्टी आपल्या नावे झाली, तरी ती कराची नोंद होय.

मग तो कागद व्यर्थ काय? मुळीच नाही. नोंदणी नसली तरी त्या करारावरून खरेदीखत करून मिळण्याचा दिवाणी दावा लावता येतो. तोंडी करारावरही येतो, पण तो शाबीत कोण करणार? म्हणून पैसे बँकेतूनच द्यावेत. मुद्रांक शुल्क कमी भरलेले असेल, तर ते दंडासह भरल्यावाचून कागद पुराव्यात येत नाही. आणि ताब्यासह झालेल्या साठेखतास खरेदीखताइतके शुल्क लागते. येथे गरिबाचा धीर सुटतो. उरलेली रक्कम देण्यास आपण सतत तयार होतो, हेही दाखवावे लागते.

सर्वांत घातक ती मुदत. ठरलेल्या तारखेपासून, तारीख नसल्यास नकार कळल्यापासून, तीन वर्षे. "पुढच्या सुट्टीत करून देतो," हे ऐकण्यात ती निघून जाते. आप्ताला नोटीस कशी द्यावी, या संकोचाने कित्येकांची आयुष्याची पुंजी बुडते.

मुदत गेल्यावरही करारान्वये मिळालेला ताबा राखता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली महाराष्ट्रातीलच एका वादात दिला. परंतु 24 सप्टेंबर 2001 पासूनच्या साठेखतास हे संरक्षण नोंदणी असेल तरच मिळते.

घर महार वतनाच्या जागेवर असेल, तर अधिक सावध राहा. 1958 च्या वतन निर्मूलन कायद्याखाली परत मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. घर चार भावांचे असून सही एकाचीच असेल, तर इतर तिघांचे हिस्से त्या सहीने बांधले जात नाहीत.

सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त दापोलीस दुय्यम निबंधकांकडे नोंदणीस द्यावा. ज्यांचे जुने कागद पेटीत आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर त्यांवरील तारीख पाहावी.