पुंजबिंदूंचे दीप

दिवाळीच्या पहाटे अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या गृहिणीजवळ रंगांच्या पाच-सात वाट्या असतात. तांबडा हवा तर तांबड्या वाटीत चिमूट जाते, हिरवा हवा तर हिरव्या. अशा वेळी कोणी तिला सांगितले, की पूड एकच पुरे आहे, ठिपका मोठा घातला तर तो तांबडा दिसेल, थोडा लहान घातला तर हिरवा आणि अगदीच बारीक घातला तर निळा, तर ती सांगणाऱ्याकडे पाहून हसेल आणि पुन्हा आपल्या कामाला लागेल. अंगणापुरते तिचे हसणे रास्तच आहे. परंतु हा ठिपका लहान करीत करीत मीटरच्या काही अब्जांश भागांपर्यंत नेला, की तेथे हीच अशक्य वाटणारी गोष्ट नित्याची होऊन बसते. पदार्थ तोच, त्याचे घटक तेच, त्या घटकांचे प्रमाणही तेच. बदलते ते केवळ आकारमान, आणि आकारमानाबरोबर रंग. अशा ठिपक्यांना क्वांटम डॉट असे नाव पडले आहे. मराठीत त्यांना पुंजबिंदू म्हणावयास हरकत नाही. या पुंजबिंदूंमधून वीज खेळवून त्यांचे दीप करण्याचा जो उद्योग गेली तीस वर्षे चालला आहे, त्याची हकीगत मोठी उद्बोधक आहे.

मीटरचे अब्ज भाग कल्पिले तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे ऐंशी हजारांच्या आसपास भाग मावतात. कॅडमियम सेलेनाइड या अर्धसंवाहक पदार्थाचा कण सुमारे तीन नॅनोमीटर व्यासाचा असेल तर त्यातून हिरवा प्रकाश येतो. तोच पाच-सहा नॅनोमीटरचा असेल तर तांबडा. असे का व्हावे? अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉनला ऊर्जा मिळाली, की तो आपली जागा सोडून वरच्या पातळीवर चढतो. मागे जी रिकामी जागा राहते तिला पोकळी म्हणतात, आणि ही पोकळीही एखाद्या धनभारित कणाप्रमाणेच पदार्थात वावरते. इलेक्ट्रॉन पुन्हा खाली येऊन पोकळीत विसावला, की मधल्या अंतराएवढी ऊर्जा प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडते. हे अंतर जितके मोठे तितका प्रकाश निळ्याच्या बाजूचा. पदार्थाचा खडा डोळ्यांना दिसण्याजोगा असेल, तर हे अंतर त्या पदार्थाच्या जातीवरच ठरते. पण कण फारच लहान असला, म्हणजे इलेक्ट्रॉनला हातपाय पसरावयास जागा उरत नाही. इलेक्ट्रॉन हा काही अंशी तरंगच असल्यामुळे, बासरी जितकी आखूड तितका तिचा स्वर चढा, हा न्याय येथेही लागू पडतो. कोंडी जितकी घट्ट, तितके ऊर्जेचे अंतर मोठे आणि तितका प्रकाश निळा. अतिसूक्ष्म कणांत पदार्थाचे गुण पालटतील, असे भाकित हर्बर्ट फ्रोलिक या शास्त्रज्ञाने १९३७ सालीच करून ठेवले होते. पण तेवढे लहान कण घडवावयाचे कसे आणि पारखावयाचे कसे, हे तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते.

ती किल्ली सापडली काचेत. एकाच रसायनाने काच कधी पिवळी होते, कधी तांबडी होते. किती तापविली आणि कशी निवविली, यावर ते अवलंबून असते, हे काचकारागिरांना अनुभवाने माहीत होते. लेनिनग्राडमधील वाविलोव प्रकाशशास्त्र संस्थेत काम करणाऱ्या अलेक्सेई एकिमोव यांना या जुन्या अनुभवाचे कोडे पडले. त्यांनी काचेत तांब्याचे क्लोराइड मिसळले आणि ती ५०० ते ७०० अंश सेल्सिअस उष्णतेत, कधी एक तास तर कधी ९६ तास, ठेवून पाहिली. क्ष-किरणांनी तपासणी करता काचेत दोनपासून तीस नॅनोमीटरपर्यंतचे स्फटिककण आढळले, आणि कण जितके लहान तितके त्यांनी शोषिलेल्या प्रकाशाचे स्थान निळ्याकडे सरकलेले दिसले. १९८१ साली हा निष्कर्ष सोव्हिएट नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि अलेक्झांडर एफ्रोस यांनी त्याची सैद्धांतिक मांडणी केली.

त्या काळी पूर्व व पश्चिम यांच्यामध्ये जी भिंत उभी होती, तीतून विज्ञानाचे वारेही मोठ्या कष्टाने जात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लुई ब्रूस यांना एकिमोव यांच्या कामाची वार्ताही नव्हती. सूर्यप्रकाशाच्या बळावर रासायनिक क्रिया घडवून आणता येतील काय, हा त्यांचा प्रश्न; आणि त्यासाठी ते द्रावणात तरंगणारे कॅडमियम सल्फाइडचे सूक्ष्म कण वापरीत होते. हे द्रावण टेबलावर काही काळ तसेच राहिले, तेव्हा त्याचे प्रकाशीय गुण बदललेले दिसले. कण वाढले असावेत, अशी शंका त्यांना आली. ताजे कण सुमारे साडेचार नॅनोमीटरचे, मुरलेले साडेबारा नॅनोमीटरचे. आणि लहान कणांचे शोषण येथेही निळ्याकडे झुकलेले. १९८३ साली ब्रूस यांनी हे प्रसिद्ध केले. एकाने काचेत पाहिले, दुसऱ्याने पाण्यात. सत्य मात्र एकच निघाले.

तरीही या कणांचे दीप करावयाचे म्हटले तर अडचण होती. एका द्रावणात नाना आकारमानांचे कण असले, तर नाना रंग एकमेकांत मिसळून सारा प्रकाश गढूळ होतो. ही अडचण मौंगी बावेंडी यांनी दूर केली. ते काही काळ ब्रूस यांच्याच हाताखाली होते, आणि पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत गेले. तेथे १९९३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी रीत सिद्ध केली, ती स्वयंपाकघरातील फोडणीची आठवण करून देणारी आहे. सुमारे ३०० अंशांपर्यंत तापविलेल्या द्रवात कच्ची रसायने एकदम ओतावयाची. मोहरी जशी सारी एकाच क्षणी तडतडते, तशी असंख्य स्फटिकबीजे एकाच क्षणी उपजतात. थंड रसायनांमुळे द्रवाचे तापमान उतरते आणि नवी बीजे उपजणे थांबते. मग पुन्हा बेताची आच देऊन त्या बीजांना सारख्या वेगाने वाढू द्यावयाचे, आणि पाकाची तार पाहून भांडे उतरवावे त्याप्रमाणे हवा तो रंग दिसताच क्रिया थांबवावयाची. रसायनशास्त्राच्या या पाककौशल्याला उशिराने का होईना, योग्य तो मान मिळाला. २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बावेंडी, ब्रूस व एकिमोव या तिघांस वाटून देण्यात आले.

येथपर्यंत पुंजबिंदूंचा प्रकाश उसना होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. त्यांच्यावर निळा अथवा जंबुपार प्रकाश टाकावयाचा, तेव्हा ते आपल्या रंगाने उजळणार. चंद्रासारखे परप्रकाशित नव्हेत हे खरे, पण दुसऱ्याने जागे केल्यावाचून बोलत नाहीत, एवढे निश्चित. दीप म्हणावयाचा तर त्यात वीज गेली पाहिजे आणि प्रकाश निघाला पाहिजे. स्फटिकात वीज सोडली असता तो उजळतो, हे १९०७ साली दिसून आले होते, आणि ओलेग लोसेव या रशियन तंत्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात त्याचा बारकाईने अभ्यास केला होता. हा गुणी माणूस १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने मरण पावला. ज्या शहरात पुढे एकिमोव यांची काच तापली, त्याच शहरात.

पुंजबिंदूंचा पहिला विद्युद्दीप १९९४ साली बर्कली येथे पेटला. व्हिकी कॉल्व्हिन, मायकेल श्लँप व पॉल अलिव्हिसाटोस यांनी कॅडमियम सेलेनाइडच्या कणांना वीजवाहक प्लॅस्टिकच्या थराची जोड दिली होती. दीप पेटला खरा, पण त्याची मिजास पाहा: दहा हजार इलेक्ट्रॉन आत पाठवावेत, तेव्हा फार तर एखादा प्रकाशकण बाहेर यावा. बाकीची सारी ऊर्जा उष्णतेत वाया जाई.

या अपव्ययाची कारणे शोधण्यात पुढची वीस वर्षे गेली. पहिले कारण कणांच्या पृष्ठभागाशी होते. कण इतका लहान, की त्यातील अणूंचा मोठा वाटा पृष्ठभागावरच असतो, आणि तेथील अपुऱ्या बंधांत अडकलेला इलेक्ट्रॉन प्रकाश न देताच विझतो. त्यावर उपाय म्हणून १९९६ साली कणाभोवती झिंक सल्फाइडचे कवच चढविण्यात आले. बदामाभोवती साखरेचे कवच असावे तसे. मात्र येथे कवचाचे अणू गाभ्याच्या अणूंशी जुळून बसावे लागतात, नाहीतर कवचच तडकते. पुढे २००२ साली मॅसॅच्युसेट्समधील मंडळींनी दोन सेंद्रिय थरांच्या मध्ये पुंजबिंदूंचा केवळ एकपदरी थर बसविला, आणि कार्यक्षमता एकदम पंचवीसपट वाढली.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. दीपाच्या एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने पोकळ्या, आणि मधल्या थरात त्यांची गाठ पडावयाची असते. परंतु इलेक्ट्रॉन येतात सपाट वाटेने. पोकळ्यांना मात्र ऊर्जेचा मोठा चढ चढून यावे लागते. परिणाम असा, की वरपक्ष मांडवात दाटीवाटीने हजर आणि वधूपक्ष अजून घाटात! इलेक्ट्रॉनांची ही गर्दी नुसती निरुपयोगी नसते. एखादी जोडी जमली, तरी तिची ऊर्जा तिसराच इलेक्ट्रॉन हिरावून घेतो आणि प्रकाश निघतच नाही. २०१४ साली चीनमधील हांगचौ येथील चच्यांग विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर जो तोडगा काढला, तो ऐकून प्रथम नवल वाटते. त्यांनी इलेक्ट्रॉनांच्या वाटेवर मुद्दामच वीज न वाहणाऱ्या प्लॅस्टिकचा अत्यंत पातळ पडदा घातला. वाट अडविल्याने इलेक्ट्रॉनांचा लोंढा आवरला, पोकळ्यांना पोहोचावयास अवसर मिळाला, आणि आत गेलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे वीसाहून अधिक प्रकाशकण बाहेर आले. हा आकडा लहान नव्हे. कारण सपाट थरांत जन्मलेल्या प्रकाशापैकी बराचसा आतल्या आत परावर्तित होऊन अडकतो, आणि बाहेर येण्याची मर्यादाच या आकड्याच्या आसपास असते.

आता बाजाराकडे वळावयास हवे, कारण तेथे एका नावाने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. २०१३ पासून पुंजबिंदू दूरचित्रवाणी संचांत येऊ लागले, आणि २०१७ पासून क्यूएलईडी हे नाव जाहिरातींतून दुमदुमू लागले. ग्राहकाची साहजिक समजूत अशी होते, की पडद्यावरील प्रत्येक ठिपका हा पुंजबिंदूंचा स्वतंत्र दीप आहे. वस्तुतः या संचांत मागे निळे दीप जळतात. पुंजबिंदू पुढच्या पातळ पटलात बसून त्या निळ्या प्रकाशाचा काही भाग शुद्ध तांबडा व शुद्ध हिरवा करून देतात. रंग त्यामुळे खरोखरच खुलतात, आणि त्याबद्दल तक्रारीस जागा नाही. तथापि ज्या नावाने शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे विजेवर उजळणाऱ्या दीपांना ओळखत आले, ते नाव उसन्या प्रकाशाच्या पटलास चिकटविणे हे दुधाच्या नावाने ताक विकण्यासारखेच आहे. ताकही चांगले असते. पण घेणाऱ्याला ते ताक म्हणून मिळाले पाहिजे.

खरा दीप दुकानात येण्याच्या वाटेवर दोन धोंडे होते. त्यांतील पहिला विषाचा. ज्या कॅडमियमने इतके सुंदर रंग दिले, ते शरीरात गेले तर मूत्रपिंडे व हाडे यांचा नाश करते. जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतून वाहून आलेल्या कॅडमियमने भातशेते दूषित झाली, आणि असह्य वेदनांच्या त्या रोगाला लोकांनी ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’ असेच नाव दिले. १९६८ साली जपानच्या शासनाने त्याचे कारण कॅडमियम असल्याचे मान्य केले. युरोपीय संघाने विद्युत उपकरणांतील कॅडमियमवर वजनाच्या ०.०१ टक्का अशी कडक मर्यादा घातली ती यासाठीच. तेव्हा रसायनशास्त्रज्ञ इंडियम फॉस्फाइडकडे वळले. हा पदार्थ हट्टी; त्याचे कण सहजासहजी एकसारखे होत नाहीत आणि हवेतील ऑक्सिजनने लवकर बिघडतात. तरीही २०१९ साली कोरियातील सॅमसंगच्या संशोधकांनी त्याच्या गाभ्यावर दोन कवचे चढवून तांबड्या दीपाची कार्यक्षमता २१.४ टक्क्यांवर नेली. १०० कँडेला प्रति चौरस मीटर इतक्या मंद तेजावर त्या दीपाचे आयुष्य दहा लक्ष तास भरेल, असा त्यांचा हिशेब होता. हे तास कोणी घड्याळ लावून मोजलेले नसतात, हे सांगावयास नको. दहा लक्ष तास म्हणजे एकशे चौदा वर्षे. दीप जास्त तेजाने जाळून त्याचे तेज किती वेळात अर्ध्यावर येते ते पाहतात आणि त्यावरून मंद तेजाचे आयुष्य गणिताने काढतात.

दुसरा धोंडा निळ्या रंगाचा, आणि तो अद्याप हललेला नाही. २०२० साली त्याच संशोधकांनी जस्त, टेल्युरियम व सेलेनियम यांच्या कणांपासून कॅडमियमविरहित निळा दीप केला. स्फटिकातील रचनादोष घालविण्यासाठी त्यांना हायड्रोफ्लुओरिक आम्ल व झिंक क्लोराइड यांचे साहाय्य घ्यावे लागले. कार्यक्षमता २०.२ टक्के, म्हणजे तांबड्याच्या जवळपास. आयुष्य मात्र त्याच मंद तेजावर १५,८५० तास. अहोरात्र जळत ठेवला तर दोन वर्षांहूनही कमी. आणि घरातल्या पडद्याला याच्या कितीतरी पट तेज लागते. निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा तांबड्याच्या सुमारे दीडपट. इतकी ऊर्जा वारंवार हाताळताना कणाभोवतीचे रासायनिक बंध हळूहळू तुटत जातात. शिवाय निळ्या कणात शिरताना पोकळ्यांना चढावयाचा चढही अधिक उभा असतो.

विजेवर उजळणाऱ्या पुंजबिंदूंचे पूर्ण रंगीत पडदे प्रदर्शनांतून मांडले गेले आहेत, आणि छापखान्यात शाई उमटवावी तसे हे कण काचेवर छापण्याची यंत्रेही सिद्ध झाली आहेत. पण २०२४ पर्यंत तरी असे संच घरोघरी पोहोचले नव्हते. याचे एक मोठे कारण हे निळे आयुष्यच होय. पडद्यावरचा पांढरा रंग तांबडा, हिरवा व निळा या तिघांच्या मेळातून होतो. त्यांतला निळा आधी थकला, की पांढऱ्या वस्त्रावर हळद सांडावी तसा सारा पडदा दिवसेंदिवस पिवळा पडत जातो.