माल उशिरा आला, नुकसान कोणी भरायचे?



वेळ चुकली की पीक चुकते, हे तुम्हाला सांगायला नको. पण दुकानदाराने माल उशिरा दिला, तर नुकसानभरपाई मागता येते. ती कशी, ते आज पाहू.

समजा, तुम्ही 10 नोव्हेंबरला गहू पेरला. विहिरीवरची मोटार जळाली, म्हणून नव्या मोटारीचे पैसे भरले. दुकानदार म्हणाला, "25 तारखेला देतो." गव्हाला मुकुटमुळे फुटताना, म्हणजे पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी, पाणी हवेच. मोटार मात्र आली 15 डिसेंबरला. आता काय?

1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 73 सांगते, की करार मोडल्यामुळे ओघानेच होणारे, किंवा करार करताना दोघांनाही ठाऊक असलेले नुकसान भरून मिळते. लांबचे मिळत नाही. म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली: पावतीवर तारीख लिहून घ्या. "गव्हाच्या पहिल्या पाण्यासाठी मोटार हवी" हेही लिहा. इंग्लंडात एका गिरणीच्या इंजिनाचा मोडलेला दांडा पोचवायला वाहतूकदाराने उशीर केला. गिरणी त्यामुळेच बंद आहे हे त्याला माहीत नव्हते, म्हणून 1854 साली कोर्टाने बुडालेला नफा देववला नाही.

दुसरी: हातावर हात ठेवून बसू नका. शेजाऱ्याचे इंजिन भाड्याने घेऊन पाणी द्या आणि भाड्याची पावती जपा. ते भाडे मागता येते. टाळता येण्याजोगे नुकसान टाळले नाही, तर त्याची भरपाई पदरात पडत नाही.

तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात. करारात वेळच महत्त्वाची असेल, तर कलम 55 प्रमाणे उशिरा आलेला माल नाकारता येतो. पण मोटार ठेवून घ्यायची असेल, तर घेतानाच कळवा, "उशिराबद्दल भरपाई मागणार आहे." चलनावर तसे लिहा, नक्कल ठेवा. मुकाट्याने घेतली, तर हक्क गेला म्हणून समजा.

दुकानदाराने ऐकले नाही, तर स्पीड पोस्टाने नोटीस द्या. पोटापाण्याच्या शेतीसाठी घेतलेल्या मालाबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मालाची दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल, तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो, कागद पेटीत राहतो. तेव्हा पुढच्या खरेदीला तारीख लिहून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

राम राम.