कापसाच्या वाटेने : परदेश सहलीची पूर्वतयारी
(शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



इंग्लंडमधील जुन्या गिरण्या आणि रेल्वेस्थानके पाहावयास आपल्या विद्यार्थ्यांची सहल न्यावी, अशी सूचना पुढे आली आहे. तिचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र काय पाहावयाचे आणि कशासाठी, हे तिकिटे काढण्यापूर्वी ठरले पाहिजे. माझ्या मते या सहलीचा धागा एकच असावा, तो म्हणजे कापूस. आणि पहिला मुक्काम इगतपुरीला असावा.

याचे कारण सांगतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडून येणारा कापूस जवळजवळ बंद पडला. तेथील मजुरांवर उपासमार ओढवली आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कडाडले. त्याच सुमारास, १८६५ साली, थळ घाटातील लोहमार्ग खुला झाला. सदतीस फुटांमागे एक फूट चढणारा हा मार्ग हजारो मजुरांच्या कष्टाने उभा राहिला. खानदेशचा कापूस याच घाटाने मुंबई बंदराकडे उतरू लागला. मँचेस्टरचे कापड इकडे येत होते आणि हातमागावरचा विणकर हवालदिल होत होता. १८५७ नंतर उत्तरेकडून निघालेल्या अनेक मोमिन विणकर कुटुंबांनी मालेगावात माग मांडले, तेही याच काळात. मालेगावचा विणकर आणि मँचेस्टरचा मजूर एकाच सुताने बांधले गेले होते.

म्हणून पहिला टप्पा सर्व विद्यार्थ्यांसाठी असावा : इगतपुरीचा घाट, मालेगावचे माग, आणि २००४ साली जागतिक वारसा यादीत गेलेले मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. जाता जाता गिरणगावही पाहावे. १९८२ च्या संपानंतर तेथील संसारांचे काय झाले, हे जुन्या कामगारांच्या तोंडून ऐकावे.

दुसरा टप्पा इंग्लंडचा. तेथे तीन ठिकाणे पुरेत. मँचेस्टरचे १८३० चे रेल्वेस्थानक आज विज्ञान व उद्योग संग्रहालयाचा भाग आहे. क्रॉमफर्डला आर्कराइटने १७७१ साली पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी उभारली. तिसरी, मँचेस्टरजवळची क्वॉरी बँक गिरणी, १७८४ सालची. तेथे अनाथ व गरीब मुले केवळ अन्न, वस्त्र आणि निवाऱ्यावर दिवसाचे बारा-बारा तास राबत. त्यांची राहण्याची इमारत अजून उभी आहे. आपल्या मुलांनी यंत्राइतकेच त्या इमारतीकडे लक्ष द्यावे.

सवड असल्यास ब्रॅडफर्डलाही जावे. १९५० नंतर आपल्या उपखंडातून गेलेल्या माणसांनी तेथील लोकरीच्या गिरण्यांत रात्रपाळ्या केल्या. त्यांच्या मुला-नातवंडांशी बोलता आले, तर सहलीचे सार्थक होईल.

आता व्यवहाराचे. तुकडी पंधराहून मोठी नसावी. यंत्रांच्या खडखडाटात मागच्या मुलांना माहिती ऐकू येत नाही. काही ठिकाणी हिवाळ्यात वेळा कमी असतात, म्हणून मे महिना बरा. आपल्याला सुटीही असते. पासपोर्टचे अर्ज आधी करावेत, व्हिसासाठी पुरेशी मुदत ठेवावी, आणि संग्रहालयांना तुकडीची आगाऊ सूचना द्यावी. सोबत शिक्षिका असाव्यात आणि निम्म्या जागा मुलींना मिळाव्यात.

खर्चाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. वडिलांच्या खिशावरून निवड झाली, तर ज्याच्या घरात माग चालतो तोच मुलगा मागे राहील, आणि या सहलीला अर्थ उरणार नाही. यासाठी संस्थेने स्वतंत्र निधी उभारावा. पहिल्या टप्प्यानंतर मुलांनी लिहिलेल्या टिपणांवरून निवड व्हावी. जे जातील त्यांनी परतल्यावर उर्दू आणि मराठीत प्रदर्शन मांडावे, म्हणजे न गेलेल्यांनाही लाभ होईल.

इंग्लंडने आपल्या गिरण्या बंद पडल्यावरही जपल्या. आपल्याकडे आजी-आजोबांचा लाकडी माग अनेकदा सरपणात जातो. हा फरक मुलांच्या ध्यानी आला आणि एखादा माग जरी वाचला, तरी निधीचा पैसा वसूल झाला असे मी समजेन.