किरायदाराची ओळख आणि घरमालकाचे संकेतस्थळ



ज्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास आणि राजकारण यांचा ऊहापोह होतो, तेथे किरायदारासारखा घरगुती विषय कशाला, असे कोणी विचारील. परंतु निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून वर दोन खोल्या चढविल्या आणि त्यांच्या किरायावर औषधपाणी भागते, अशी घरे आपल्या यवतमाळात वाघापूरपासून लोहाऱ्यापर्यंत पुष्कळ आहेत. दुसरीकडे घाटंजीहून वा झरीहून शिकावयास, नोकरीस आलेला तरुण ‘खोली किरायाने देणे आहे’ ही पाटी वाचीत दारोदार हिंडतो. घरमालकाला भय, की किराया थकेल आणि खोली सुटणार नाही. किरायदाराची अडचण एवढीच, की त्याला येथे कोणी ओळखत नाही.

ही ओळख सरकारने करून देण्याचा प्रयोग आपल्या भागात होऊन गेला आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशानुसार घर रिकामे झाले की मालकाने ते सरकारला कळवायचे, आणि सरकारी नोकर, निर्वासित अशांना ते देण्याचा हुकूम अधिकाऱ्याने करायचा. किरायदाराला काढावयाचे तर भाडेनियंत्रकाची परवानगी हवी. हुकमाने घर मिळाले. विश्वास मात्र हुकमाने मिळत नसतो.

त्या आदेशाची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ही जबाबदारी घरमालकाची. करार नोंदविला नाही, तर अटींविषयी किरायदाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड आहे. पण करार मनुष्याला घरात आल्यावर बांधतो. येणारा कसा आहे, हे करार सांगत नाही. ते शिफारशीनेच कळते.

आज ही शिफारस तोंडी चालते. ‘पोरगा चांगला आहे हो,’ असे कोणी ओळखीचे म्हणाले की कुलूप उघडते. परंतु ज्याच्या गावचे, नात्याचे, जातीचे येथे कोणी नाही, त्याच्यासाठी हा शब्द कोणी टाकावा? म्हणून घरमालकांनी एकमेकांना किरायदार सुचविण्याचे संकेतस्थळ उभारावे, ही कल्पना मला पसंत आहे. मात्र ते शिफारशीचे दालन व्हावे, काळी यादी होऊ नये.

याकरिता त्याची रचना कशी असावी? पोटात चार नोंदवह्या पुरेत: व्यक्ती, घर, वास्तव्य आणि अभिप्राय. यांतील वास्तव्याची वही ही बिजागरी होय. अमुक मनुष्य अमुक घरी या महिन्यापासून त्या महिन्यापर्यंत राहिला, हे दोघांनीही आपापल्या फोनवर आलेला सांकेतिक अंक टाकून कबूल केल्याखेरीज अभिप्राय स्वीकारू नये. म्हणजे मेहुण्याने दिलेली खोटी प्रशस्ती आपोआप अडते.

अभिप्रायात घडलेल्या गोष्टीच विचाराव्या: किराया मुदतीत दिला काय, सूचना देऊन खोली सोडली काय. ‘स्वभाव कसा?’ हा रकाना नको. जात, धर्म, आहार हे तर नकोतच. पाच चांदण्यांची सरासरीही नको, कारण एका भांडखोर मालकाने ती खाली येते आणि कारण कोणास दिसत नाही. शिफारस किरायदाराने मागावी, त्याने ती आधी वाचावी, आणि त्याचे उत्तर तिच्याशेजारी राहावे. अनामत परत मिळाली काय, हे त्यानेही मालकाविषयी सांगावे. आधारपत्राची प्रत साठवूच नये. जे साठविले नाही ते चोरीस जात नाही.

आणि नोंदीला मरण हवे. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने अशा अहवालांतील बहुतेक प्रतिकूल नोंदी सात वर्षांनंतर देता येत नाहीत, आणि अहवालावरून नाकारलेल्यास तसे कळवावे लागते. आपल्याकडील २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यानेही संमती, दुरुस्ती आणि पुसून टाकणे ही तत्त्वे मान्य केली आहेत. आपल्या लहान गावात तीन वर्षे पुरेत.

येथे शंका निघेल, की लबाड मनुष्य संमती देईलच कशाला? न देवो! परंतु शिफारस नसणे हा गुन्हा मानू नये. पहिल्यांदाच घर सोडून आलेल्या मुलीजवळ ती कोठून असणार? तिच्यासाठी महाविद्यालयाचा वा नोकरी देणाऱ्याचा शब्द चालावा. परवान्याची मुदत संपूनही जो खोली सोडीत नाही, त्याच्यासाठी १९९९ च्याच कायद्याचे कलम २४ आणि सक्षम प्राधिकारी आहेत. लबाडास शोधणे हे संकेतस्थळाचे काम नव्हे. भल्यास दार उघडून देणे हे आहे.

आरंभ एका वस्तीतील वीस घरमालकांनी साध्या वहीवर करावा. सहा महिने चालवून पाहावे. वहीत जे उभयतांना न्याय्य वाटेल तेवढेच यंत्रात घालावे, कारण वहीतला अन्याय एका गल्लीत राहतो. यंत्रातला अन्याय मनुष्याच्या मागे गावोगाव फिरतो.