वकील आणि साक्षीदार

(हीरक महोत्सवानिमित्त आयोजित माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



पाठ केलेले भाषण ऐन वेळी विसरून व्यासपीठावर ओठ चावत उभे राहिलेले मूल या सभागृहातील प्रत्येकाने पाहिले आहे. समोरचे हसतील, ही ती भीती. विषय इतिहासाचा वा भूगोलाचा असेल, तर ती दोन दिवसांत विरते. परंतु विषय स्वतःच्या श्रद्धेचा असेल, तर ती वर्षानुवर्षे मुक्काम करते. ख्रिस्ती घरातील मुलगी नाताळच्या फराळाविषयी वर्गात मोकळेपणाने बोलते, पण प्रार्थनेत तुला काय मिळते, असे मैत्रिणीने विचारताच तिची मान खाली जाते. वारकरी घरातला मुलगाही महाविद्यालयात गेल्यावर गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत ढकलतो. दोघांची भीती एकाच जातीची आहे.

लखनौ शहराशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या ई. स्टॅन्ली जोन्स यांची कथा या संदर्भात ऐकण्याजोगी आहे. त्यांचा जन्म 1884 सालचा, अमेरिकेतील बाल्टिमोरजवळचा. पहिले प्रवचन देण्यास ते उभे राहिले, तेव्हा चर्च ओळखीच्या माणसांनी भरले होते. देवाची बाजू वकिलाच्या थाटात मांडायची, अशी त्यांची जय्यत तयारी होती. पाच-सहा वाक्ये झाली आणि त्यांच्या तोंडून एक लांबलचक, पूर्वी कधीही न वापरलेला शब्द गेला. समोरची एक तरुणी हसली व तिने मान खाली घातली. तेवढे पुरले! पुढचे सारे प्रवचन स्मृतीतून पुसले गेले. हात चोळत ते काही क्षण तसेच उभे राहिले, मग विसरल्याची कबुली देऊन जागेवर परतू लागले. परतताना मनात एक प्रश्न उठला: देवाने तुझ्यासाठी काहीच केलेले नाही काय? ते मागे वळले आणि प्रवचन बाजूला ठेवून, ख्रिस्तामुळे आपल्या आयुष्यात काय पालटले एवढेच अडखळत सांगू लागले. सभा संपल्यावर एक तरुण आपणहून त्यांच्याकडे आला. त्यांना जे लाभले ते त्याला हवे होते. आपण वकील म्हणून पडलो व साक्षीदार म्हणून उभे राहिलो, असे ते पुढे आयुष्यभर सांगत असत.

म्हणजे भीती तेथेच संपली, असे मात्र नव्हे. 1907 साली ते लखनौस आले. लालबागच्या चर्चची जबाबदारी, पुढे सीतापूरचे काम, आणि या साऱ्या ओझ्याखाली त्यांची प्रकृती वारंवार ढासळू लागली. अशातच एका हिंदू सरकारी अधिकाऱ्याने त्यांना सरळ विचारले, की तुम्ही केवळ दलितांकडेच का जाता, आमच्याकडे का येत नाही? तुम्ही योग्य रीतीने आलात तर आम्हालाही तुम्ही हवे आहात, असेही तो म्हणाला. शिकलेल्या माणसांना आपण नकोसे आहोत, हे जोन्स यांनी न विचारताच गृहीत धरले होते. आपली निम्मी भीती अशीच दुसऱ्याच्या मनाविषयी परस्पर केलेल्या कल्पनेवर पोसलेली असते. तरीही हे काम पेलण्याचे बळ अंगी उरले नव्हते. लखनौच्याच एका चर्चमध्ये मागच्या बाजूला गुडघे टेकले असता, आपले ओझे आता देवाने घेतले, अशी निश्चिती त्यांना लाभली. त्यानंतर त्यांनी पुन्हा काम उभारले ते अनेक दशके चालले.

त्यांची पद्धत आजही शिक्षकांनी अभ्यासावी अशी आहे. जाहीर सभेचे अध्यक्षपद बहुधा अन्यधर्मीय गृहस्थाकडे आणि व्याख्यानानंतर श्रोत्यांना प्रश्नांची पूर्ण मोकळीक. पुढे त्यांनी गोलमेज बैठका भरवल्या. निरनिराळ्या धर्मांचे पंधरा-वीस जण वर्तुळाकार बसत. वाद घालायचा नाही, उपदेश करायचा नाही. आपल्या धर्माने आपल्याला रोजच्या जगण्यात काय दिले तेवढेच प्रत्येकाने सांगायचे आणि इतरांचे ऐकायचे. भीती गेली म्हणजे आवाज चढला पाहिजे, असे अनेकांना वाटते. धर्माच्या नावाने मोठ्याने बोलणारी कित्येक माणसे मनातून घाबरलेलीच असतात.

जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, त्यांच्या पत्नी मेबल लखनौच्या इझाबेला थॉबर्न कॉलेजात शिकवीत. पुढे सीतापूरला त्यांनी मुलांची शाळा चालवली व तेथे शिक्षिका नेमल्या. मुलांना बाई शिकवणार, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती.

परक्यांच्या भीतीहून आपल्यांची भीती अधिक खोल असते, हे मराठी माणसाला नारायण वामन टिळकांच्या चरित्रावरून उमगते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. निर्णय मनात कधीच झाला होता. पाय अडखळत होता तो घरासाठी. त्या बातमीने लक्ष्मीबाईंवर काय ओढवले ते ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता लिहिले आहे. टिळकांची विद्वत्ता मोठी, परंतु पत्नीला पटवण्यास ती पुरली नाही. 1900 साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. आणि लौकिक शिक्षण जेमतेम असलेल्या या बाईंची साक्ष आज ख्रिस्ती नसलेल्या घरांतूनही आवडीने वाचली जाते. कारण तीत वकिली नाही. स्वतःची फजितीही त्या हसत सांगतात.

जोन्स यांनी 1950 मध्ये लखनौत ‘नूर मंझिल’ हे मनोरुग्णांवरील उपचारांचे केंद्र उभारले. मन खचणे म्हणजे काय, ते त्यांनी स्वतः अनुभवले होते. 1971 च्या डिसेंबरमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ज्यांची वाणी हीच ओळख, त्यांची जीभ जड झाली. शब्द अस्पष्ट उमटत. तशाही अवस्थेत त्यांनी ध्वनिफितीवर एक संपूर्ण पुस्तक सांगितले, आणि ते भारतात परतले. 25 जानेवारी 1973 रोजी बरेलीस त्यांचे निधन झाले. पुस्तक त्यानंतर, 1975 साली प्रसिद्ध झाले.